नानांच्या टेम्पोमागे

जागृतीला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ही मुलगी आता माझ्या डोळ्यांदेखत मरणार याबद्दल माझ्या मनात काही शंका नव्हती. सोमवारची सकाळ होती. भुसावळहून जळगावच्या कॉलेजात मी स्कूटरने जायची. नशिराबादच्या अलीकडे केळीने भरलेला एक टेम्पो माझ्यापुढे चालला होता आणि त्याच्या मागच्या फळीला जवळजवळ चिकटून एक मुलगी सायकल मारत होती. पाठीवर सॅक, ओढणी कमरेला आवळलेली, मान खाली. टेम्पोवाल्याने नुसता ब्रेकवर पाय ठेवला असता तरी तिचं कपाळ फळीवर आपटलं असतं. त्या फळीवर पिवळ्या रंगात मोठ्या अक्षरांत ‘जागृती’ असं लिहिलेलं होतं. मला वाटलं, रस्ता सुरक्षेची पाटी असेल. मी हॉर्न वाजवला, ओरडले, हातवारे केले. तिने मान वळवली, शेजारच्या काकूंना बघून हसावं तशी हसली आणि पुन्हा मान खाली घातली. मी सरळ स्कूटर बाजूला घेतली आणि रसवंतीच्या बाकड्यावर जाऊन बसले.

मी मुळात भित्री बाई. स्कूटरच्या आरशात बस दिसली तरी रस्ता सोडून मुरुमावर उतरणारी. त्यामुळे त्याच दिवशी दुपारी, दुसऱ्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला तीच मुलगी एप्रन घालून समोर उभी राहिली, तेव्हा मला हजेरी घेता येईना. भुवयांत धूळ, नाकावर तेलाचा डाग, आणि हात मात्र इतका स्थिर की ब्युरेटमधून एक एक थेंब सोडताना तिचं द्रावण कधी लालभडक झालं नाही. फिकट गुलाबी रंग आला की तोटी बंद. बाकीची मुलं दोनदोनदा प्रयोग करत होती आणि ही खिडकीतून बाहेर झाडांचे शेंडे बघत उभी.

“सकाळी टेम्पोमागे तूच होतीस ना?” मी विचारलं.

“हो मॅडम. मी पण तुम्हाला ओळखलं. तुम्ही रस प्यायला थांबलात.”

“तो ड्रायव्हर कोण आहे? त्याला कळत नाही का?”

“ते माझे वडील आहेत,” ती म्हणाली. “टेम्पोच्या मागे हवा नसते मॅडम. पुढे ते वारा फोडतात, मागे मला रस्ता मोकळा.”

आपल्या पोटच्या पोरीला भरल्या टेम्पोमागे असं पळवणारा बाप कसा असतो, ते बघायचंच असं मी ठरवलं आणि पुढच्या सोमवारी कॉलेजच्या फाटकाशी उभी राहिले. टेम्पोतून एक बुटकेसे, पांढऱ्या टोपीतले गृहस्थ उतरले आणि त्यांनी मला हात जोडले. सावद्याचे. बागेतून केळी भरायची आणि कधी जळगाव, कधी सुरत अशी पोचवायची, हा त्यांचा धंदा. सगळे त्यांना नाना म्हणत. मी तोंडाला येईल ते बोलले. ते शांतपणे ऐकत राहिले.

“मॅडम, केयीच्या गाडीले ब्रेक मारता येत नाही,” ते म्हणाले. “कचकन ब्रेक मारला का घडावर घड आपटतो, न् दुसऱ्या दिवशी माल काया. आमी खड्डा लांबून पायतो, लांबूनच गाडी हळू करतो. आमच्या मांगं लोटीत पानी घेऊन बसलं तरी सांडनार नाही.”

“पण ही सवय लागली कशी?”

“मले कोठी मालूम व्हतं? एक दिवस आरशात पायलं तं ही मांगं.” आणि ते लाजल्यासारखे हसले.

खरी हकिगत मला मग जागृतीने सांगितली. अकरावीत असताना तिची फैजपूरची बस रोज चुकायची, म्हणून ती साध्या लेडीज सायकलीवर निघायची, आणि उशीर व्हायला लागला की नानांच्या टेम्पोमागे लागायची. नानांनी आरशात पाहिलं, रागावले, मग गप्प बसले, आणि मग तिला झेपेल असा वेग धरायला लागले. जळगावला वसतिगृहात आल्यावरही शनिवारी घरी जायचं आणि सोमवारी टेम्पोमागे सायकलने परत यायचं, हा तिचा नेम झाला. तेवढ्यानेच तिचे पाय असे तयार झाले की कॉलेजच्या क्रीडा सरांनी एका रविवारी मेहरूण तलावाभोवती मुलांची शर्यत ठेवली, तेव्हा ही पंजाबी ड्रेसवर त्याच लेडीज सायकलीवर उतरली आणि गिअरच्या सायकलवाले तिच्या मागे राहिले. सर मला सांगायला प्रयोगशाळेत धावत आले. त्यांना दम लागला होता. तिला नव्हता.

मग कुठून तरी रेसची जुनी सायकल आली. विद्यापीठाच्या स्पर्धा आल्या. मुलींच्या संघाबरोबर एक शिक्षिका असायलाच हवी, असा नियम आहे आणि विभागात सगळ्यांत नवी मी, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. जी बाई बस दिसली की मुरुमावर उतरते, ती सायकल स्पर्धांची मॅनेजर झाली. आमच्या घरी आठवडाभर याच्यावरून हसणं चाललं होतं.

जागृतीच्या काही गोष्टींनी मी शेवटपर्यंत दचकत राहिले. सायकलीच्या हँडलवर ती रासायनिक अभिक्रियांच्या चिठ्ठ्या चिकटपट्टीने लावायची आणि चढावर त्या पाठ करायची. “चढावर पाठ केलेलं विसरत नाही मॅडम. दम लागतो ना, आत जाऊन बसतं.” परीक्षेत एकदा तिने मान वर करून छताकडे पाहिलं आणि पर्यवेक्षकांनी तिच्यावर डोळा ठेवला. नंतर मी विचारलं, काय बघत होतीस? म्हणाली, “हतनूरच्या पुढचा चढ आठवत होते. ते उत्तर तिथे आहे.” केळी तर ती खात नसे. सगळ्या खेळाडूंच्या पिशवीत केळी असायची आणि केळीच्या गावची ही पोर गूळ-शेंगदाणे खात बसायची. “घरी सकाळ-संध्याकाळ तेच बघायचं, मॅडम. माल आहे तो, खाऊ नाही.” आणि काहीही विचारा, पेपर कसा गेला, तब्येत कशी आहे, पुढे काय करणार, ती आधी म्हणायची, “बघू, वारा कुठून आहे ते.” सुरुवातीला मला हे उर्मट वाटायचं. मग कळलं, तिला खरंच आधी तेच बघावं लागतं.

तिसऱ्या वर्षाला तिच्यापुढे एकच गोष्ट होती. राज्याच्या संघाची निवड. त्यात नाव आलं तर पुढचं शिबिर, चांगली सायकल, चांगले प्रशिक्षक. नाही आलं तर पदवीनंतर सायकल बंद, बँकेच्या परीक्षा द्यायच्या आणि सावद्याला राहायचं, असं घरी ठरलं होतं. नानांनी ते जबरदस्तीने ठरवलं नव्हतं, तिनेच कबूल केलं होतं. “कॉलेज संपेपर्यंत नाना काही म्हणणार नाहीत. त्याच्यापुढे मी मागणार नाही,” ती म्हणाली.

निवड धुळ्याला होती. तिच्या शेवटच्या दोन पेपरांच्या मधल्या दिवशी. उन्हाळा, आणि धुळ्याचा पश्चिमेचा वारा. साक्रीकडे डोंगरांवर पवनचक्क्या काही उगीच उभ्या केलेल्या नाहीत. एकेका मुलीला वेगळं सोडायचं आणि घड्याळ लावायचं, अशी शर्यत. साक्री रस्त्याने वाऱ्याच्या तोंडावर जायचं, तिथून वळून परत यायचं. सकाळी पंचांनी सगळ्या मुलींना उभं करून बजावलं, “एकट्याने पळायचं. कुणाच्या आडोशाला जायचं नाही. ना दुसऱ्या मुलीच्या, ना गाडीच्या. गेलात की बाद.”

आदल्या दिवशी नानांचा फोन आला होता, तेव्हा जागृतीने त्यांना सांगितलं होतं, “नाना, उद्या एकटीलाच पळायचं आहे. मागेपुढे कोणी नाही.” नाना म्हणाले होते, “एकटी काहाले? मी सुरतचा माल घेऊन त्याच रस्त्यानं चाललो.” ती हसली होती. मीही हसले होते. नानांची चेष्टा, असं आम्हाला वाटलं.

मोठ्या गाड्या पोलिसांनी नाक्यावर अडवून धरल्या होत्या. जागृती निघाली आणि तिच्यामागे थोडं अंतर ठेवून पंचांच्या जीपमध्ये मी. समोरून वारा असा की जीपचं टप फडफडत होतं. ती हँडलवर वाकून चालली होती, अंगात कसलीही हालचाल नाही, फक्त पाय. पंच घड्याळ बघून म्हणाले, “पोरगी चांगली आहे.” आणि तेवढ्यात आमच्या उजव्या बाजूने एक टेम्पो पुढे गेला. केळीचा. मागच्या फळीवर पिवळ्या अक्षरांत ‘जागृती’.

दूध, भाजी, केळी असा नाशवंत माल पोलीस सोडतात, हे मला माहीत नव्हतं. टेम्पो तिच्या पुढे गेला, हळूच डावीकडे आला आणि तिला झेपेल तेवढा वेग धरून चालायला लागला. आणि जागृती त्याच्या मागे गेली. जाणून नाही. इतक्या वर्षांची अंगाला लागलेली सवय. ती फळी समोर आली आणि सायकल आपोआप तिथे जाऊन बसली.

“अहो, हे काय चाललंय?” पंच ओरडले. जागृतीने मान वर केली असावी, समोर आपलंच नाव वाचलं असावं. पुढच्या क्षणी ती टेम्पोच्या सावलीतून उजवीकडे बाहेर आली. वारा तिच्यावर असा आदळला की सायकल हाललेली मला जीपमधून दिसली. दात आवळून तिने टेम्पोला मागे टाकलं. मला वाटलं, सुटलो. पण नानांना वाटलं पोरगी आज जोरात आहे. त्यांनी हॉर्न वाजवला, पुन्हा पुढे गेले आणि पुन्हा प्रेमाने तिच्या तोंडासमोर आले. ती पुन्हा बाहेर निघाली. मी जीपमधून हात बाहेर काढून ओरडत होते, “नाना, जा! पुढे जा!” त्यांनी आरशात मला पाहिलं आणि हात हलवला. मॅडम पोरीला हुरूप देताहेत, असं त्यांना वाटलं असणार. वळायच्या ठिकाणी ती मागे फिरली आणि नाना हॉर्न वाजवत सरळ सुरतच्या रस्त्याला लागले.

तिची वेळ त्या दिवशी सगळ्यांत चांगली होती. आणि तिला बाद केलं.

मी पंचांशी भांडले. आयुष्यात इतक्या मोठ्या आवाजात मी कधी बोलले नव्हते. म्हटलं, ती लगेच बाहेर निघाली, ती गाडी तिने बोलावली नव्हती. पंच वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, “मॅडम, गाडीवर तिचं नाव आहे. मी काय लिहू?” जागृती पाण्याची बाटली डोक्यावर ओतत होती. ती जवळ आली आणि म्हणाली, “सर बरोबर आहेत, मॅडम. पहिल्या वेळी मी आत गेले होते.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नाना नवापूरकडे कुठेतरी चहाला थांबले होते. तिने फोन कानाला लावला, पण त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“जागू, झालं का? कितवा नंबर?”

“नाही झालं नाना. थोडक्यात राहिलं. वारा फार होता.”

“हाव ना, भलता वारा व्हता. मी पुढे व्हतो म्हनून तेवढं तरी निभावलं.”

“हो ना,” ती म्हणाली. “तुम्ही होतात म्हणून.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

परतताना पारोळ्याच्या पुढे आम्ही एका ढाब्यावर थांबलो. शेवभाजी समोर आली, मला घास जाईना. ती मात्र भाकरी कुस्करून जेवत होती आणि शेजारी उद्याच्या पेपरची वही उघडी. शेवटी मला राहवलं नाही. मी म्हटलं, “अगं, त्यांना सांग ना काय झालं ते. तुझं सगळं गेलं त्यांच्यामुळे. निदान माहीत तरी असू दे.”

ती पाणी प्यायली. “मॅडम, इतकी वर्षं मी त्यांच्या मागे आहे. फळीला नाक लावून. कधी कुत्रं आडवं आलं असेल, कधी पोर आलं असेल. त्यांनी एकदाही कचकन ब्रेक मारला नाही.” मग वही मिटून म्हणाली, “आता मी कसा मारू?”

मी एम.एस्सी. आहे, बी.एड. आहे, दोन मुलं वाढवली आहेत. पण त्या बाकड्यावर मला रडू आवरेना, आणि ढाबेवाल्याला वाटलं भाजी तिखट झाली.

पुढे तिने आणखी एक धक्का दिला. निकाल लागला, प्रथम वर्ग मिळाला आणि ती माझ्याकडे पेढे आणि एम.एस्सी.चा प्रवेश घेऊन आली. मी खूश होऊन म्हटलं, “रसायनाची गोडी लागली म्हणायची.” ती म्हणाली, “नाही मॅडम, सायकलीची. कॉलेज संपेपर्यंत नाना काही म्हणत नाहीत ना, मग मी कॉलेजच संपवत नाही.” आणि रस्त्याची शर्यत सोडून तिने पुण्याच्या गोल ट्रॅकवरची शर्यत धरली. मी कारण विचारलं. तेव्हा ती पहिल्यांदा खदखदून हसली. “तिथे टेम्पो येत नाही, मॅडम.”

त्या वर्षी सोमवारी सकाळी मला रस्त्यावर निराळंच दृश्य दिसायला लागलं. जागृती पुढे आणि टेम्पो मागे. दोन्ही दिवे लुकलुकत, बैलगाडीच्या चालीने, अंतर राखून. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून वाजवून थकायच्या. मी नानांना विचारलं, तर म्हणाले, “आता चौपदरी रस्ता झाला मॅडम. मांगून टरक अंगावर येतात. मी मांगंच बरा.” मला ते पटलं. मी नाहीतरी रस्त्याच्या भीतीवर कोणाचंही काहीही ऐकते.

ट्रॅकवर तिची निवड झाली. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या. उत्तरेतल्या शिबिराला जायचं होतं. जळगाव स्टेशनवर आम्ही तिला पोचवायला गेलो. नानांनी केळीच्या दोन फण्या आणल्या होत्या. शेजारच्या बाकावरच्या अनोळखी कुटुंबाला ते सांगत होते, “धुय्याले वारा असा व्हता का मानूस उडून जाईन. मी टेम्पो पुढे घातला. मी नसतो तं पोरगी रस्त्यातच राह्यली असती.” मी जमिनीकडे बघत होते. जागृतीने फणीतलं एक केळं सोललं आणि चक्क खाल्लं. म्हणाली, “खरं आहे. नाना होते म्हणून.” गाडी सुटली. नाना गाडीबरोबर चालले नाहीत, जागचे हलले नाहीत. टोपी काढून हातात धरून उभे राहिले.

बाहेर आलो तर धुळीचा वारा सुटला होता. माझी स्कूटर बघून नाना म्हणाले, “मॅडम, भुसावयलेच चालल्या ना? माह्या मांगं या. वारा लागनार नाही.” आणि मी, मी गेले. टेम्पोच्या फळीमागे, पिवळ्या अक्षरांवर डोळे लावून. मागे खरंच हवा नव्हती. नशिराबादपर्यंत गतिरोधक आले, गुरं आली, पण तो टेम्पो कुठे हळू झाला ते मला कळलंसुद्धा नाही.

नशिराबादला त्याच रसवंतीपाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली. दोन ग्लास रस सांगितला आणि बाकड्यावर बसून म्हणाले, “मॅडम, धुय्याचं मले मालूम हाये.”

मी ग्लास बाकड्यावर ठेवला.

“पुढच्याच खेपेले नाक्यावरच्या पोलिसानं सांगलं. म्हने, भाऊ, तुमना टेम्पोमुये ती पोर बाद व्हयनी. मी तठीच गाडी उभी केली. दोन तास मले गाडी चालवता आली नाही.”

“नाना,” मी म्हटलं, “मग आत्ता स्टेशनवर ते सगळं…”

“मी बोलायचा बंद झालो असतो, तं तिले समजलं असतं ना, का मले मालूम पडलं म्हनून.” त्यांनी रस एका घोटात संपवला आणि टोपी डोक्यावर घातली. “ती म्हने वारा व्हता. मंग वाराच व्हता.”

ते टेम्पोत चढले आणि आरशात बघून, मी स्कूटर सुरू केली याची खात्री करून मगच निघाले.

जागृतीला यातलं काही माहीत नाही. फोन करते, तेव्हा आधी तिकडचा वारा सांगते आणि मग नानांची चौकशी करते. हा लेख कधी तिच्या हाती पडला, तर नानांना सगळं ठाऊक होतं, हे तिला कळेल. आणि ती त्यांना त्यातलं एक अक्षर बोलणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे.